माल्टा: नकाशावर एवढंसं, पण बसमध्ये बसलं की संपतच नाही

आई आणि मावशी दोन महिन्यांसाठी माझ्याकडे जर्मनीला आल्या होत्या आणि ऑक्टोबर लागला तसा इथे जो गारठा सुरू झाला त्यात दोघी स्वेटरवर स्वेटर चढवून हीटरला चिकटून बसायला लागल्या, तेव्हाच ठरवलं की यांना आठवडाभर कुठेतरी उन्हात न्यायचं. शेंगेन व्हिसा दोघींकडे होताच. ग्रीस बघितलं, सिसिली बघितलं, शेवटी माल्टा फायनल केलं कारण एक तर विमानाची तिकिटं स्वस्त मिळाली आणि दुसरं म्हणजे मला वाटलं बेट एवढंसं आहे, मुख्य बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत २७ किलोमीटर, म्हणजे दादर ते ठाण्यापेक्षा जरासं जास्त, तर दिवसाला तीन-तीन ठिकाणं आरामात होतील. एक्सेल शीट केलं होतं मी. रंगीत.

ते शीट पहिल्या दुपारीच मेलं. कारण माल्टाचं गणित किलोमीटरमध्ये नसतंच, ते बसमध्ये असतं. जवळपास सगळ्या बस राजधानी व्हॅलेटाच्या वेशीबाहेरच्या मोठ्या कारंज्यापाशी येतात आणि तिथूनच सगळीकडे जातात, आणि उत्तरेच्या टोकाला चिर्केव्वाला जायला (शेजारच्या गोझो बेटाची फेरी तिथून सुटते) सव्वा तास तर सहज, ट्रॅफिक असलं तर दीड. स्टॉपवर नुसतं उभं राहून चालत नाही, हात दाखवावा लागतो, आपल्या एसटीसारखंच, हात दाखवा गाडी थांबवा. आणि गाडी भरलेली असेल तर हात दाखवूनही थांबत नाही, ड्रायव्हर मान हलवून निघून जातो. आमच्या दोन बस अशा गेल्या. तिसऱ्या बसचा ड्रायव्हर केरळचा निघाला, त्याने या दोघींना बघून "आओ आओ आंटी" केलं, मावशी तिथेच खूश. खरंच, बसमध्ये, हॉटेलांत, हॉस्पिटलांत, जेवण पोचवणाऱ्या पोरांमध्ये इतके भारतीय दिसतात की हिंदीवर आठवडा निघू शकतो.

तर माझा सल्ला काय, दिवसाला एकच मोठी गोष्ट ठेवा. उरलेला दिवस आपोआप भरतो. सात दिवसांचं बसचं कार्ड एअरपोर्टवरच घ्या, घाई असेल तेव्हा बोल्टची (ओला-उबरसारखं अॅप) टॅक्सी करा, तिघात परवडते. स्वतः गाडी चालवणार असाल तर गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, ब्रिटिशांची मेहरबानी (१९६४ पर्यंत त्यांचंच राज्य होतं), पण गल्ल्या अशा की आरसा मिटून घ्यावा लागतो. प्लगही ब्रिटिश, चौकोनी तीन पिनांचे, त्यामुळे माझे जर्मन चार्जर आणि यांचे भारतातले चार्जर दोन्ही निरुपयोगी, पहिली खरेदी अॅडॉप्टरची. आणि नळाचं पाणी जरा खारट लागतं कारण बेटावर नदी नाही, बरंचसं पाणी समुद्राचंच मीठ काढून बनवतात. चहाला बाटलीचं पाणी घ्या, नाहीतर आईसारखं तोंड कराल.

आम्ही राहिलो फ्लोरियानाला. व्हॅलेटाच्या वेशीच्या अगदी बाहेर, भाडं कमी आणि बसस्टँड चालत पाच मिनिटं. आणि तिथे एक गोष्ट दिसली जी माझ्या शीटमध्ये नव्हतीच. चर्चसमोर भलंमोठं दगडी पटांगण आहे, आणि त्यात जागोजागी गोल दगडी झाकणं, जात्याच्या तळीसारखी, जरा उंच उचललेली. मी म्हटलं बसायला असतील. मावशी सांगलीची, ती एक मिनिट बघत राहिली आणि म्हणाली, "अगं ही पेवं आहेत." आणि खरंच की! खाली खडकात खोदलेली धान्याची कोठारं, बेटाला वेढा पडला तर महिनोन्‌महिने गहू टिकावा म्हणून नाइट लोकांनी (तेव्हा बेटावर राज्य करणारे ख्रिस्ती लढवय्ये) खोदलेली, मग ब्रिटिशांनी आणखी वाढवलेली. मावशीचं लहानपण हरिपूरच्या हळदीच्या पेवांशेजारी गेलंय. मी "पेव फुटलं" हा वाक्प्रचार जन्मभर वापरला आणि पेव म्हणजे नक्की काय ते मला भूमध्य समुद्रात कळलं.

आता व्हॅलेटा. इथे एक नाही, दोन दिवस द्या. १५६५ मध्ये तुर्कांनी बेटाला चार महिने वेढा घातला होता, तो उठल्यावर लगेच पुढच्या वर्षी, १५६६ मध्ये, सेंट जॉनच्या नाइट्सचा प्रमुख ला व्हॅलेट याने हे नवं शहर वसवायला घेतलं आणि शहराला नावही त्याचंच. सरळ रेषेत आखलेले रस्ते, कुठल्याही रस्त्याच्या टोकाला समुद्र दिसतो, पण मधे टेकडी असल्यामुळे निम्म्या गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या. गुडघ्यांचा विचार करून निघा. सगळ्या इमारती त्याच एका मधाच्या रंगाच्या चुनखडीच्या, आणि त्यावर हिरव्या, लाल, निळ्या रंगाचे बंद लाकडी सज्जे पुढे आलेले. त्या सज्ज्याला माल्टीज भाषेत म्हणतात गल्लारीया. आई लालबागची, तिने लगेच वर बोट करून, "बघ, गॅलरीला गॅलरीच म्हणतात, तुम्ही उगाच बाल्कनी बाल्कनी करता."

वरच्या बाराक्का बागेत बाराच्या आधी पोचायचं. खाली तटावर तोफा मांडलेल्या आहेत आणि रोज दुपारी बारा आणि चार वाजता गणवेशातले लोक येऊन एक तोफ उडवतात. वरच्या कठड्यावरून फुकट दिसतं. पूर्वी बंदरातल्या जहाजांना आपापली घड्याळं लावून घेता यावीत म्हणून हा बार काढायचे, समुद्रात वेळ चुकली की जागा चुकली. आई म्हणाली आमच्याकडे गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे, तसंच. (धडाम झालं तेव्हा मात्र दोघी एकमेकींच्या अंगावर पडल्या, व्हिडिओ आहे, टाकू दिला नाही.) समोर ग्रँड हार्बर, आणि काय ते बंदर, डोळ्यांत मावत नाही. याच बंदरात १८७८ साली मुंबईहून निघालेले सुमारे ७ हजार हिंदी सैनिक उतरले होते, रशिया-तुर्कस्तानच्या भानगडीत ब्रिटिशांना रशियाला दम द्यायचा होता म्हणून. लढाई झालीच नाही, महिना-दोन महिने राहून सायप्रसमार्गे परत. त्यातल्या कुणा मराठी शिपायाने घरी काय सांगितलं असेल असं मला तिथे उभं राहून सारखं वाटत होतं. सिंधी व्यापारीही त्याच शतकाच्या शेवटाला इथे आले आणि व्हॅलेटात दुकानं थाटून राहिले, ते अजून आहेत.

सेंट जॉन्स को-कॅथेड्रल बाहेरून अगदी साधं, एखाद्या सरकारी गोदामासारखं, म्हणून सोडू नका. आत गेल्यावर आई काही बोललीच नाही, आणि आई न बोलणं ही मोठी गोष्ट आहे. खालची अख्खी फरशी म्हणजे नाइट्सची सुमारे ४०० थडगी, रंगीत संगमरवर कोरून बसवलेलं, त्यावर सांगाडे, कवट्या, पंखवाली घड्याळं. टाचेचे बारीक सँडल घालून सोडत नाहीत, फरशीला खळगे पडतात म्हणून. रविवारी पर्यटकांसाठी बंद. आणि बाजूच्या दालनात इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं ते चित्र, सेंट जॉनचा शिरच्छेद, १६०८ सालचं, अख्खी भिंत भरून. हा माणूस रोममध्ये एकाचा जीव घेऊन पळालेला, फिरत फिरत माल्टाला आला, नाइट झाला, हे चित्र काढलं आणि खाली सांडलेल्या रक्तात स्वतःची सही केली, त्याची सही असलेलं हे एकमेव चित्र. मग काही महिन्यांत इथेही मारामारी, कैद, किल्ल्यातून पलायन. आणि नाइट लोकांनी त्याला हाकलल्याचा समारंभ केला तो याच दालनात, याच चित्रासमोर. ऑडिओ गाइड तिकिटातच आहे, ती ऐकत ऐकत दोन तास गेले आणि शीटमधलं दुपारचं म्युझियम गेलं. जाऊ दे.

दुसऱ्या संध्याकाळी बाराक्काच्या लिफ्टने (५८ मीटर, पायऱ्यांपेक्षा हजार पट बरी) खाली उतरून छोट्या होडीने पलीकडे थ्री सिटीजला गेलो. ही व्हॅलेटापेक्षाही जुनी वस्ती, वेढा खरा इथे पडला होता. बिर्गूच्या गल्ल्यांत फिरा, सेंग्लिआच्या टोकाला एक दगडी टेहळणीची चौकी आहे तिच्यावर कोरलेला डोळा आणि कान, म्हणजे आम्ही बघतोय आणि ऐकतोयही. मावशी म्हणाली आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला पाठव फोटो.

खाण्याचं आत्ताच सांगते नाहीतर विसरेन. पास्तित्सी. पापुद्र्यांची पेस्ट्री, शंकरपाळ्याच्या आकाराची पण तळहाताएवढी, आत रिकोटा चीज नाहीतर शिजवलेले वाटाणे. वाटाण्याची म्हणजे आपली मटार करंजीच, फक्त जास्त पापुद्रे आणि जास्त तेल. युरोच्या आतबाहेर एक, दोन खाल्ल्या की जेवण झालं. कडक शाकाहारी असाल तर पिठाला कुठली चरबी वापरलीय ते विचारून घ्या, काही ठिकाणी प्राण्यांची असते. माल्टीज लोक राष्ट्रीय पदार्थ म्हणून ससा खातात, त्याचा विषय आमच्यात एकदाच निघाला आणि लगेच बंद झाला. किनी नावाचं कडू संत्र्याचं सोडा-पेय मिळतं, मला आवडलं, या दोघींना काढा वाटला.

गोझो हा आमचा सगळ्यात चांगला दिवस. सकाळी सातला बस पकडून चिर्केव्वा, तिथून मोठी फेरी, २५ मिनिटांत पलीकडे इम्जार बंदर. गंमत म्हणजे जाताना तिकीटच विचारत नाहीत, पैसे फक्त परत येताना घेतात (४.६५ युरो), कारण बेटावर गेलेला माणूस परत येणारच. आम्ही मात्र येताना थकलो म्हणून व्हॅलेटाला थेट जाणारी फास्ट फेरी घेतली, ती पाऊण तासात सोडते, वेगळं तिकीट, आणि व्हॅलेटाला उतरल्यावर मावशीच्या लक्षात आलं की मोठ्या फेरीचे पैसे आपण दिलेच नाहीत. "पोलीस तर नाही ना येणार?" हे ती परत जर्मनीला पोचेपर्यंत विचारत होती.

गोझोत बस आहेत पण सगळ्या व्हिक्टोरियाला, म्हणजे तिथल्या मुख्य गावाला, येऊन बदलाव्या लागतात, म्हणून तिथे आम्ही दिवसभरासाठी टॅक्सी केली आणि तो पैसा वसूल झाला. खिडकीतून बघितलं तर बांधाबांधाला रचीव दगडांचे गडगे आणि त्यावर फड्या निवडुंग, लाल बोंडं लागलेली. बाहेरचा समुद्र झाकला तर सासवड-जेजुरीचा रस्ता. जगान्तियाचं मंदिर इ. स. पूर्व ३६०० च्या सुमाराचं, पिरॅमिडपेक्षा हजारएक वर्षं जुनं, आणि दगड एवढे अजस्र की लोक म्हणायचे एका राक्षसिणीने घेवडे खाऊन, खांद्यावर पोर घेऊन हे रचलं. आपल्याकडे तेच काम पांडव एका रात्रीत करतात. सगळ्यांना प्रश्न एकच पडलेला, हे उचललं कुणी.

मग व्हिक्टोरियाचा सितादेला किल्ला. वरून अख्खं बेट दिसतं, एवढंच लक्षात ठेवून जाऊ नका. १५५१ मध्ये तुर्की आरमाराने हा किल्ला जिंकला आणि गोझोची जवळजवळ सगळी माणसं, पाचएक हजार, गुलाम म्हणून नेली. बेट रिकामं. तटावर वारा इतका शांत होता आणि खाली कुणाच्या तरी गच्चीवर कपडे वाळत होते, मला काही वेळ फोटो काढावासा वाटला नाही.

ता पीनू हे शेतांच्या मधोमध एकटंच उभं असलेलं मोठं चर्च. १८८३ साली इथल्या जुन्या छोट्या देवळाशेजारून जाणाऱ्या कार्मनी ग्रीमा नावाच्या शेतकरी बाईला आतून मेरीचा आवाज ऐकू आला म्हणतात, तेव्हापासून जागृत. मुख्य वेदीच्या बाजूच्या खोल्यांमध्ये जा. भिंतीभर नवस फेडलेल्या वस्तू: प्लॅस्टर, कुबड्या, बाळांचे फ्रॉक, फुटलेलं हेल्मेट, बुडता बुडता वाचलेल्या जहाजांची जुनी चित्रं, खाली हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या. आईने एकेक चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली, ज्या इंग्रजीत होत्या त्या. बाहेर आल्यावर पर्समधून पाच युरो काढून परत आत जाऊन पेटीत टाकून आली, कशासाठी ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

द्वेयराला ती प्रसिद्ध दगडी कमान होती ना, जुन्या फोटोंत सगळीकडे असते ती, अझूर विंडो, ती आता नाही. ८ मार्च २०१७ च्या वादळात समुद्रात कोसळली. तरी जा, इनलँड सी नावाचं तळं आहे, डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून होडी थेट खुल्या समुद्रात निघते. आणि वेळ उरला तर श्वेयनीची मिठागरं. आपल्या पेण-उरणकडची मिठागरं चिखलमातीची, सपाट, ही खडकात कोरलेली छोटी छोटी चौकोनी ताटं, शेकडो. पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांकडे. रस्त्याकडेला मीठ विकायला होतं, मावशीने अर्धा किलो घेतलं. गोझोहून सांगलीला मीठ. तिला काही बोलायची सोय नाही.

दक्षिणेकडच्या दिवसाची कथा जरा फसलेली. ७४ नंबरची बस ब्लू ग्रोटो आणि हजार-ईम मंदिर दोन्हीकडे जाते म्हणून तो दिवस मी हुशारीने जोडला होता, आणि वाऱ्यामुळे होड्या बंद. ब्लू ग्रोटोच्या गुहांतला तो निळा उजेड सकाळी ऊन आत शिरतं तेव्हाच दिसतो, त्यामुळे वारा बघून, सकाळीच जा, नाहीतर आमच्यासारखं वरच्या रस्त्यावरच्या पॉइंटवरून बघून समाधान माना (तेही वाईट नाही). हजार-ईम आणि त्याच्याखाली उतारावर इम्नायद्रा, दोन्हींवर आता मोठे पांढरे तंबू घातलेत कारण दगड मऊ, पाऊस-वारा खातो. इम्नायद्रामध्ये दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी उगवतीचं ऊन बरोब्बर दरवाज्यातून सरळ आत येतं. पाच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे मोजून बांधलं आणि मला बसचं टाइमटेबल जमेना.

मार्साश्लोक रविवारी. नाव ऐकल्यापासून आई "मनाचे की कुठले" विचारत होती. मार्सा म्हणजे बंदर आणि श्लोक म्हणजे आग्नेयेचा वारा, माल्टीज मुळात अरबीतून आलेली, फक्त रोमन लिपीत लिहितात, एक्सचा उच्चार श. पुस्तकाला क्तीब म्हणतात, निरोप घेताना सह्हा, म्हणजे आपली सेहत. बंदरात लुत्सू नावाच्या निळ्या-पिवळ्या होड्या आणि प्रत्येकीच्या नाळेवर दोन्ही बाजूंना डोळे रंगवलेले, होडीची दृष्ट काढल्यासारखे. रविवारचा मासळीबाजार बघायचा तर नऊच्या आत, नंतर तो चपला आणि टॉवेलांचा बाजार होतो. लाम्पुकी या दिवसांत मिळतो, शरदातला मासा, ग्रिल करून लिंबू पिळून खाल्ला. मावशी शाकाहारी, तिने पाव, टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि केपर्सवर भागवलं आणि म्हणाली माझंच जास्त चांगलं होतं.

कोमिनो नावाच्या चिमुकल्या बेटावरचं ब्लू लगून. पाणी खरंच तसंच आहे, फोटोत एडिट नाही. पण बसायला जागा म्हणजे खडकाची एक पट्टी आणि माणसं गणपतीतल्या लालबागएवढी. आम्ही ज्या बोटीने गेलो त्यांनी परतीची वेळ एक सांगितली आणि आले दीड तासाने, सावलीला झाड नाही. आता गर्दी आवरायला आधी ऑनलाइन स्लॉट घ्यावा लागतो. पोहणारे असाल तर जा, आईवडिलांना नेऊ नका.

त्यापेक्षा इम्दिना-रबात. इम्दिना म्हणजे मदिनाच, तटबंदीतली जुनी राजधानी, आत राहणारे काहीशे लोक, बाहेरच्यांच्या गाड्यांना बंदी. दिवसा टूरवाले असतात, संध्याकाळी सहानंतर आपल्याच चपलांचा आवाज येतो. जाताना मोस्ताला उतरा, तिथल्या चर्चचा घुमट बघून मावशीला विजापूरचा गोलघुमट आठवला. ९ एप्रिल १९४२ ला प्रार्थनेच्या वेळी जर्मन बॉम्ब हा घुमट फोडून आत पडला, आत अडीच-तीनशे माणसं, आणि तो फुटलाच नाही. तसल्या बॉम्बची प्रतिकृती मागच्या खोलीत ठेवलीय. आणि चर्चवर दोन घड्याळं, दोघांची वेळ वेगळी! म्हणतात सैतानाला प्रार्थनेची खरी वेळ कळू नये म्हणून. तीट लावण्यातलाच प्रकार.

इम्दिनाला लागूनच असलेल्या रबातला वेशीजवळ क्रिस्टल पॅलेस नावाचं पास्तित्सीचं छोटंसं दुकान आहे. पॅलेस वगैरे काही नाही, चार टेबलं. तिथे चहा काचेच्या ग्लासात देतात, डब्याचं घट्ट दूध घातलेला, कडक, गोड. आठ दिवस टी-बॅगच्या पाण्यावर काढलेल्या त्या दोघींनी पहिला घोट घेतला आणि एकमेकींकडे बघितलं. तीन-तीन ग्लास झाले. रबातच्या भुयारी कबरी बघायला जायचं होतं, त्या राहिल्या.

एक चूक माझी. पाओला नावाच्या गावात हायपोजियम आहे, खडकात तीन मजले खाली खोदलेलं भुयारी मंदिर आणि दफनभूमी, पाच हजार वर्षांपूर्वीचं, १९०२ मध्ये घराचं बांधकाम करताना मजुरांना सापडलं. आतली हवा बिघडू नये म्हणून एका वेळी फक्त दहा माणसं, दिवसाला ऐंशी. तिकिटं महिने-महिने आधी संपतात. मी दहा दिवस आधी साइट उघडली आणि सगळा ऑक्टोबर लाल. आदल्या दिवशी काउंटरवर थोडी जास्त किमतीची तिकिटं मिळतात म्हणून सकाळी रांगेत उभी राहिले, माझ्यापुढे दोन जणांवर संपली.

मावशी पुढच्या मार्चमध्ये परत येतेय, तिचं तिकीट अजून काढायचंय. हायपोजियमची तीन मात्र काढून ठेवलीत, सकाळचा स्लॉट, आणि दुपारनंतर शीटमध्ये रबातचा चहा लिहिलाय.